अर्जनवीस ते संगणक-वर्ग : सीमाभागातील एका लहान व्यवसायाचा इतिहास

कडगंची हे नाव दत्तसंप्रदायाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. गुरुचरित्रातील सायंदेवांचे हे गाव, अशी परंपरा आहे. आणि सायंदेव यवनाच्या चाकरीत होते, असे त्या ग्रंथातच येते. घरात मराठी आणि कचेरीत राज्यकर्त्याची भाषा, ही आपल्याकडची रीत अशी जुनी आहे. 2009 च्या कायद्याने कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले व पुढे त्याचा परिसर याच गावी उभा राहिला. विद्यापीठाचा इतिहास यथावकाश लिहिला जाईल. परंतु त्याच्याही आधीपासून तालुक्याच्या बाजारपेठांत, भाड्याच्या दोन खोल्यांत संगणक शिकविणारे जे वर्ग चालले, त्यांची नोंद कोणी ठेवलेली दिसत नाही. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे.

या व्यवसायाचे मूळ संगणकाच्याही मागे शोधावे लागते. निजामी राजवटीत कचेरीची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू होती. घरचे हिशेब मात्र मोडीत. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी गुलबर्गा व बीदर हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. 1963 च्या राजभाषा कायद्याने कन्नड ही राज्यकारभाराची भाषा ठरली. एकाच माणसाच्या हयातीत कचेरीची लिपी अशी पालटली. प्रत्येक पालटाच्या वेळी कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाची गरज वाढली. कोणता कागद, कोणत्या कचेरीत, कोणत्या भाषेत द्यावयाचा, हे ज्ञान हेच त्याचे भांडवल होते.

पुढची पायरी टंकलेखन-वर्गाची. 1955 साली गोदरेजने पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि हळूहळू ‘टायपिंग इन्स्टिट्यूट’ तालुक्यापर्यंत पोहोचली. तासावर यंत्र, महिन्याची फी, ज्युनिअर-सीनिअर परीक्षा, प्रमाणपत्र आणि कारकुनीची आशा, असा तिचा साचा होता. पुढे संगणक-वर्गाने हाच साचा जसाच्या तसा उचलला. यंत्र बदलले, बाके तीच राहिली.

देशात संगणक-शिक्षणाचा व्यवसाय प्रथम महानगरांत वाढला. एनआयआयटी 1981 मध्ये आणि ॲपटेक 1986 मध्ये सुरू झाली. 1984 च्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली व यंत्रे स्वस्त होऊ लागली. मात्र मोठ्या संस्थांची फी ग्रामीण कुटुंबास झेपणारी नव्हती. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी नव्वदीच्या दशकात जे वर्ग निघाले, ते बहुधा पदवीधर तरुणांनी कर्ज काढून, चार-दोन यंत्रांवर चालविलेले होते. वीज वेळी-अवेळी जाई, आणि यंत्राची किंमत वसूल होण्यापूर्वीच ते जुने ठरे.

अशा विखुरलेल्या वर्गांना एका सूत्रात बांधण्याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारी, महाराष्ट्रात झाला. 2001 साली तेथील शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झाले. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम त्याच्यामुळे घरोघरी माहीत झाला. त्यातील खरे शहाणपण असे की, महामंडळाने स्वतःच्या शाळा न काढता चालू असलेल्या खाजगी वर्गांनाच मान्यता दिली. पाठ्यसाहित्य एकच, परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची, चालक गावचा, आणि फीमध्ये वाटा. शासकीय नोकरीसाठी संगणक-अर्हता आवश्यक झाल्याने विद्यार्थ्यांची वाण पडली नाही. परंतु शासकीय आदेशाने आलेला विद्यार्थी आदेशामागूनच चालतो. अनेकांस शिक्षणापेक्षा प्रमाणपत्राचीच निकड होती, आणि केवळ त्यावर विसंबणारा चालक दर नव्या आदेशाची वाट पाहत राहिला.

सीमेच्या अलीकडे चित्र थोडे निराळे होते. येथे 1976 साली स्थापन झालेल्या केऑनिक्स महामंडळाची प्रशिक्षण केंद्रे होती. पण खरा धक्का दिला तो ‘भूमी’ प्रकल्पाने. या शतकाच्या आरंभी कर्नाटकाने सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या. हस्तलिखित पहाणी बाद झाली आणि 15 रुपयांत छापील पहाणी तालुक्याच्या खिडकीवर मिळू लागली. महसुलाशी संबंध आलेल्या कोणासही आठवेल की, त्यानंतर शेतकरी संगणकास भिईनासा झाला. मुलाने ते यंत्र शिकावे, असे त्याला प्रथमच वाटले.

मराठी घरातील मुलापुढे मात्र आणखी एक पेच होता. कर्नाटकातील कचेऱ्यांत ‘नुडी’ आणि तिची कन्नड कळरचना, महाराष्ट्रात जुन्या रेमिंग्टन यंत्राची मराठी रचना, बँकेत इंग्रजी. वास्तविक केंद्र शासनाने ऐंशीच्या दशकात इनस्क्रिप्ट ही कळरचना आखली, ती सर्व भारतीय लिप्यांना समान होती : कन्नड ‘क’ आणि मराठी ‘क’ एकाच कळीवर. दोन भाषांत जगणाऱ्या आपल्या भागास याहून सोयीचे काय असणार? पण परीक्षा व कचेऱ्या आपापल्या रचनांना धरून राहिल्या. सीमाभागातील शिक्षकाला म्हणून एकाच तासात दोन बोटांच्या सवयी शिकवाव्या लागल्या.

वर्ग टिकले ते शिकविण्याबरोबर सल्ल्याचे काम करणारे. 1 एप्रिल 2005 रोजी दोन्ही राज्यांत मूल्यवर्धित कर लागू झाला, 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला. तुरीच्या अडत्याला आणि डाळमिलच्या मालकाला ‘टॅली’वर हिशेब ठेवणारा माणूस हवा झाला. सकाळी विद्यार्थी, दुपारी दुकानांचे हिशेब, संध्याकाळी नोकरीचे अर्ज, असा दिवस विभागला गेला. 2012 अखेर संसदेने 371 (जे) कलमाची घटनादुरुस्ती संमत केली. तिच्यामुळे आपल्या जिल्ह्यांतील तरुणांस नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. त्याच वर्षीच्या सेवानियमांनी कर्मचाऱ्यांस संगणक-साक्षरता परीक्षा बंधनकारक केली. दोहोंचे अर्ज भरले गेले ते अशाच खोल्यांतून.

आता हातोहाती भ्रमणध्वनी आहे. अर्ज, दाखले यांसाठी सेवाकेंद्रे निघाली आहेत. निव्वळ ‘संगणक शिकवितो’ या पाटीस पूर्वीचे मोल उरलेले नाही. परंतु या खोलीत मराठी घरची मुले, जुन्या लिपीतील कागद आणि नवी कचेरी यांची गाठ पडत होती. विहिरीच्या वाटणीचा बाँड आजोबांच्या तोंडून मराठीत ऐकून कन्नडमध्ये टंकित करणारा चालक हा त्या जुन्या अर्जनवीसाचाच वारस होय.

या व्यवसायाची साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. टंकयंत्रे भंगारात गेली, प्रवेश-नोंदवह्या रद्दीत, जुन्या फाँटमध्ये टंकिलेला मजकूर तर आज उघडतही नाही. मोडी कागदांच्या बाबतीत आपल्या घराण्यांनी जी हानी सोसली, तीच येथे पन्नास वर्षांऐवजी वीस वर्षांत घडते आहे. ज्यांच्या घरी असा वर्ग चालला, त्यांनी निदान एक नोंदवही आणि एक पाटी जपून ठेवावी. सीमाभागात मराठी कोणत्या कामास आली, याचा तो कदाचित शेवटचा लेखी पुरावा ठरेल.