नाव न सांगण्याचा हक्क

नववीच्या वर्गाला रस्ता सुरक्षेवर निबंध दिला होता. एका मुलाने लिहिले, "अपघात दिसला तर थांबू नये, पोलिसांचे लफडे मागे लागते." विचारले तर म्हणाला, "अब्बा असंच सांगतात, सर."

मी त्याला रागावू शकलो नाही. पंधरा वर्षांपूर्वी चौफुलीवर एका टेम्पोने मोटारसायकलवाल्याला उडवले. गर्दी भरपूर, पण हात कोणी लावेना. मी आणि एका पानवाल्याने त्याला रिक्षात घातले. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "तुम्ही कोण? पोलिसांत कळवलं का?" जखमीला आत नेताच मी नाव न लिहिता सटकलो. त्याचे पुढे काय झाले, ते विचारायलाही परत गेलो नाही.

ही भीती आली कुठून? मोटारींचा कायदा आपल्याकडे 1914 पासून आहे. मग 1939 चा आला, त्यानंतर 1988 चा. या शेवटच्या कायद्याचा अंमल 1 जुलै 1989 ला सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्याचा निकाल दिला. प्रकरण असे होते : मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरवाल्याला कोणी भल्या माणसाने जवळच्या रुग्णालयात नेले. पोलिस केस इथे घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात न्या, असे डॉक्टरांनी सांगितले. तो वाटेतच गेला. न्यायालय म्हणाले, आधी उपचार, मग पंचनामा. (पंचनामा हा शब्द अर्धा संस्कृत, अर्धा फारसी, भाषाशिक्षकाची खोड, माफ करा.) 1994 मध्ये डॉक्टरांचे हे कर्तव्य कायद्यातही आले. माझा प्रसंग त्यानंतरचा आहे, हे लक्षात घ्या.

डॉक्टरांना बांधले, पण उचलून आणणारा मोकळाच राहिला. 2007 मध्ये दिल्लीत पीयूष तिवारी यांचा शाळकरी चुलतभाऊ रस्त्यावर मदतीविना गेला. त्यांच्या सेव्हलाइफ फाउंडेशनने 2012 मध्ये याचिका केली. 30 मार्च 2016 ला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीत कलम 134-अ आले.

2019 चे आपल्याला काय आठवते? हेल्मेटचा दंड शंभराचा हजार झाला, आणि त्यावरची बोंबाबोंब. महाराष्ट्राने तर दंडवाढ लांबणीवरच टाकली. 134-अ वर चहाच्या टपरीवर कोणी बोलल्याचे मी ऐकले नाही. 2023 मध्ये देशात 1 लाख 72 हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली.

2020 चे नियम सांगतात की मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही ओळ मी वर्गात दोनदा वाचली. माझ्या वर्गातल्या मुलांना ती दोनदा का वाचली, हे समजावावे लागले नाही.

त्या मुलाने आपले वाक्य खोडले. वही अब्बांच्या सहीसाठी घरी पाठवली आहे. अजून परत आलेली नाही.