बहात्तर धाग्यांची दोरी

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख व दफ्तरें यांकडेच आपली दृष्टि जाते. माणूस रोज अंगावर जें वागवितो त्याची चौकशी आपण क्वचितच करतों. कमरेला बांधावयाची दोरी ही अशाच उपेक्षित वस्तूंपैकीं एक होय. तिचा इतिहास हा तिच्या करणाऱ्यांचा इतिहास आहे, आणि तोच बहुधा लिहावयाचा राहून जातो.

जपानांत दोरी गुंफण्याच्या कलेस कुमिहिमो म्हणतात. मध्यें भोंक असलेल्या गोल चौरंगाभोंवतीं वजनदार रिळांना गुंडाळलेले रेशमी पदर लोंबत ठेवावयाचे व ते ठराविक क्रमानें एकमेकांवरून ओलांडीत न्यावयाचे, म्हणजे मधल्या भोंकांतून दोरी उतरत जाते. गोव्यांत शिमग्यास खेळतात तो गोफ ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ही युक्ति निराळी समजावून सांगावयास नको. तेथें रिळांच्या जागीं माणसें फिरतात, एवढाच भेद. सामुराई योद्ध्यांच्या चिलखताचे पत्रे अशाच दोऱ्यांनीं ओवलेले असत. १८७६ सालीं तेथील सरकारनें तरवार बाळगण्यास बंदी केली, आणि शस्त्रास्त्रांसाठीं लागणाऱ्या दोरीचें गिऱ्हाईक नाहींसें झालें. तथापि किमोनोवरील पट्ट्यास बांधावयाची दोरी करण्याकडे कारागीर वळले, आणि योद्ध्याची दोरी स्त्रियांचें भूषण होऊन जगली.

आपल्या साष्टी बेटांतही अशी एक प्राचीन दोरी नांदत आहे. ती म्हणजे पारशी लोकांची कुस्ती. मल्लांच्या कुस्तीशीं हिचा कांहीं संबंध नाहीं. नवजोतीच्या वेळीं मिळालेली ही दोरी पारशी माणूस सदऱ्यावरून कमरेभोंवतीं तीन वेढे देऊन बांधतो, व रोजच्या प्रार्थनेच्या वेळीं सोडून पुन्हां बांधतो. बोरिवलीजवळील कान्हेरीच्या एका लेण्यांत १००९ व १०२१ या सालांचे पहलवी लेख आहेत. लेणीं पाहावयास आलेल्या पारशिकांचीं नांवें त्यांत आढळतात. त्या मंडळींच्या कमरेला कुस्ती असलीच पाहिजे. नांवें दगडावर राहिलीं. कुस्त्या विणणारणींचीं मात्र कोठेंच नोंदलीं गेलीं नाहींत.

कुस्ती गुंफीत नाहींत, विणतात. आणि हें काम परंपरेनें पुरोहितकुळांतील स्त्रियांचें. कोंकराची लोंकर हातानें कांतून, दोन बारीक सुतें एकत्र पिळून धागा करावयाचा. लहानशा मागावर असे बहात्तर धागे ताणावयाचे. यस्नाचे अध्यायही बहात्तर. विणकर आतून पोकळ अशी नळी होते. काम संपत आलें म्हणजे पुरोहित प्रार्थना म्हणून ती कापतो. पुढें तीच स्त्री लांब सुईनें सारी नळी उलटी करते, व दोन्ही टोकांस तीन तीन गोंडे करते. प्रत्येक गोंड्यांत चोवीस धागे येतात. पुरोहिताचा मंत्र घटकाभराचा. बाकीचे सारे श्रम त्या स्त्रीचे. नवसारीच्या कित्येक पुरोहित घराण्यांत हेंच काम अब्रूनें चार पैसे मिळवून देणारें होतें, आणि विधवांना तर त्याचा मोठा आधार.

१९२३ सालीं पुरोहितांच्या मुलांस धर्मशिक्षण देण्यासाठीं अंधेरीस कामा अथोर्नान इन्स्टिट्यूट निघाली. मुलांची विद्या अशी शाळेंत गेली. आईची विद्या मात्र बहुतांशीं घरींच, सासूकडून सुनेकडे व आईकडून मुलीकडे येत राहिली. त्या मुली शिकल्या, नोकऱ्या करूं लागल्या. हें योग्यच झालें. परंतु रिकाम्या झालेल्या मागावर दुसरें कोणी बसलें पाहिजे, याचा विचार वेळींच झाला नाहीं. १९४१ च्या शिरगणतींत हिंदुस्थानांत १,१४,८९० पारशी होते. २०११ त ते ५७,२६४ उरले. बांधणारेच निम्मे झाले, तेव्हां विणणारणी किती राहिल्या असतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

जपानी दोरीनें उपयोग बदलला व ती तगली. कुस्तीस तो मार्ग मोकळा नाहीं. शोभेची वस्तु झाली तर ती कुस्तीच राहणार नाहीं. तिला बदलतां येईल तें एकच, विणणारे हात. वारसा जपावयाचा तर तो कुळाच्या उंबरठ्याबाहेर किती न्यावा, हा प्रश्न ज्याच्या त्या समाजानें सोडवावयाचा. आपण इतकेंच लक्षांत ठेवावें, कीं वस्तु पवित्र मानून तिच्या कर्त्याला विसरण्याची खोड एकट्या पारशी समाजाची नाहीं. आपल्या घरच्या पोथीचें बासन कोणीं शिवलें, हें तरी आपणांपैकीं कितीजण सांगूं शकतील?