सांबराचं काडतूस

आमच्या खोऱ्यात बंदूक कुणाची चांगली यावर कधी वाद झाला नाही. बंदुका होत्याच मुळी तीन-चार, आणि सगळ्या एका वयाच्या. वाद व्हायचा तो नळीत काय भरायचं यावर. भादव्यात नाचणी-वरी निसवायला लागली, की माळ्यांवर राखणीला माणसं बसायची. रात्री सांबरं आणि डुकरं उतरायची, दिवस कलताना भेकरं. एका रात्रीत चार सांबरांनी वर्षाची नाचणी तुडवून खाल्ली, तर त्या घराला माघ-फाल्गुनात दुसऱ्याच्या दारात उभं राहायची पाळी. तेव्हा कुणी हौसेनं काडतुसाची चर्चा करत होतं, असं समजू नये. बार फुकट गेला तर दारू गेली, शिसं गेलं आणि पीकही गेलं.

आमचं गाव कोयनेच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या ऐन माथ्याखाली. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या नावावर पीकराखणीचा परवाना होता. १८७८ साली इंग्रजानं हत्यारांचा कायदा केला, तेव्हापासून खेड्यातल्या माणसाच्या हातात बंदूक आली ती अशीच, कागदाला बांधून. आबांची बंदूक ठासणीची, एकनळी. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची. (दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. प्यायची दारू आमच्याकडं दुसऱ्या आळीला मिळायची.) तिच्यावर काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा गजानं ठासायचा, मग शिसं, मग वरून पुन्हा बोळा. मागच्या टोकाला तांब्याची केप बसवायची, घोडा ओढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. बार मोजायचा तो बोटांनी. रिकाम्या नळीत गज किती आत जातो ते ठरलेलं असे. भरल्यावर तो त्याच्यापेक्षा किती बोटं वर राहिला, तेवढ्या बोटांचा बार. पाखराला दोन, सशाला तीन, सांबराला चार. पाच बोटं भरणारा एकच माणूस गावात होऊन गेला, आणि त्याला डाव्या हाताचा अंगठा नव्हता.

दारूचं माप असं बोटांवर पक्कं होतं. शिशाचं मात्र नव्हतं, आणि सगळी गोम तिथंच होती.

शिसं विकत मिळायचं ते तोळ्यामाशानं घ्यावं लागे. म्हणून माणसं हाताला येईल ते भरायची. शिशाची कांब ठोकून तिचे हरभऱ्याएवढे तुकडे, खिळ्यांची मुंडकी, आणि गावात सायकली आल्यावर त्यांच्या चाकातले छर्रे. मटणात सापडलेलं शिसं थुंकून टाकायचं नसे. आम्ही पोरं ते धुऊन आबांपुढं ठेवायचो, ते पुन्हा पळीत वितळून साच्यात जायचं. एकच शिसं तीन-तीन जनावरांतून फिरलेलं मी पाहिलं आहे.

आबा सांबरासाठी एकच गोळी भरत. त्यासाठी लोखंडी साचा होता, दोन पाकळ्यांचा. सुपारीएवढी गोळी ओतायची, गार झाल्यावर तिचा देठ काढून घासायचा, आणि तेलकट फडक्यात गुंडाळून नळीत सारायची. बाकीच्यांना हे पटत नसे. रात्र अंधारी, सांबर म्हणजे नुसती एक काळी सावली, डोळे चमकले तर चमकले. अशा वेळी एका गोळीचा काय भरवसा? दहा-बारा तुकडे भरले तर त्यातला एखादा तरी लागणार. हा हिशोब अगदीच चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. उपाशी माणसानं केलेला हिशोब होता तो. आबांचं म्हणणं एवढंच, की एखादा तुकडा लागून सांबर मरत नाही, आणि लागलेलं सांबर नाचणीत थांबतही नाही. ते रानात जातं. मग ना ते तुझं, ना रानाचं. "दिसत नसंल तर डबा वाजीव. बार कशाला काढतोस?"

पुढं थोरल्या चुलत्यांनी काडतुसी बंदूक घेतली. बारा बोअरची दुनळी, जुनी, साताऱ्याहून आणलेली. बारा बोअर म्हणजे काय हे आबांनी त्या दिवशी दुकानदाराकडून समजून घेतलं आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. हे माप ऐकून आबा फार खूश झाले होते. त्यांना वाटलं, आपला साचा आणि साहेबाची बंदूक एकाच शाळेतली निघाली.

काडतुसावर मात्र अक्षरं असत आणि ती कळायला वेळ लागला. एल.जी. म्हणजे सर्वांत मोठे छर्रे, एका औंसात, म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅममध्ये, सहा बसतील एवढे. एस.जी. त्याहून जरा बारीक, औंसाला आठ. त्याच्याखाली एस.एस.जी., औंसाला पंधरा. मग ए.ए.ए., बी.बी. असं करत करत आकड्यांवर यायचं. चार नंबर सशा-मोराला, सहा नंबर तित्तिराला. त्याचे औंसात दोनशे सत्तर दाणे. एका काडतुसात शिसं औंसाला थोडं वर. म्हणजे सांबरासाठी सहा-सात दाणे घ्यायचे की भेकरासाठी आठ-नऊ, एवढीच निवड हातात. दाणा मोठा तर संख्या कमी, संख्या वाढवली तर दाणा हलका. वीस-बावीस किलोच्या भेकराला एस.जी. पुरे होतं. दोनशे किलोच्या वर जाणाऱ्या नर सांबराला, तेही भिजलेल्या जाड कातड्याच्या, तेच काडतूस चाळीस पावलांवरून मारलं तर ते अंग झाडून चालू लागे. गोल दाण्याचा वेग हवेत लवकर मरतो, आणि तिथवर पोचेस्तोवर ते दाणे पसरलेलेही असतात. सातातले दोन लागले तरी नशीब. चुलत्यांनी म्हणून स्वतःला पंचवीस पावलांची हद्द घालून घेतली होती. माळ्यापासून तेवढ्या अंतरावर ते पांढरा दगड ठेवत. दगडाच्या अलीकडं आलं तरच बार.

काडतुसं आधी विलायती होती, एलीची. कागदी नळीची, पितळी बुडाची. पुढं खडकीची आली. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा, पलटणीसाठी काढलेला. पण आमच्याकडं तो माहीत होता तो काडतुसाच्या बुडावरच्या के.एफ. या दोन अक्षरांनी. दोन्हींना आमच्या पावसानं सारखंच छळलं. इकडं महाबळेश्वराच्या तोडीचा पाऊस. त्यात कागदी काडतूस फुगायचं आणि ऐन वेळी नळीत शिरायचं नाही, किंवा शिरलं तर निघायचं नाही. चुलते काडतुसांच्या अंगाला मेण चोळून, कोरड्या राखेच्या डब्यात पुरून ठेवत. संध्याकाळी माळ्यावर जाण्याआधी प्रत्येक काडतूस नळीत घालून काढून बघायचं. जी अडायची ती बाजूला. त्यामुळं सांबराला काय मारायचं हे पुष्कळदा एल.जी.-एस.जी.वर ठरत नसे. जे फुगलं नाही ते, एवढंच.

रायफलीची गोष्ट आमच्या गावात आणली ती हवालदार नानांनी. ते मराठा पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांच्या हातून थ्री-नॉट-थ्री पुष्कळ सुटलेली. आम्हा पोरांना वाटे, तशी एक बंदूक गावात असती तर एक सांबर उरलं नसतं. नाना हसायचे. "आरं, फौजंची गोळी मान्साला लोळवायला असती. एक पडला की दोघं त्येला उचलाय लागत्यात. सांबराला ती ह्या अंगानं शिरंल नि त्या अंगानं भाईर पडंल. जनावर तीन कोस जाऊन मरंल." फौजी गोळीला वरून सबंध धातूचं कवच असतं, तोंडालाही, ती उघडत नाही. शिकारीच्या गोळीचं तोंड मुद्दाम उघडं, मऊ शिशाचं ठेवतात. आत गेल्यावर ती अळंबीसारखी फुलते आणि जनावर जागेवर पडतं.

नानांचं हे बोलणं मोठ्या इतिहासाशी कसं जुळतं, ते मला फार पुढं पुण्यात, वाचनालयात बसून कळलं. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रज सैनिकांची तक्रार होती, की थ्री-नॉट-थ्रीची गोळी लागूनही समोरचा पठाण येतच राहतो. मग कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात गोळीचं तोंड उघडं ठेवून बघितलं. तीच जगभर 'दमदम' म्हणून बदनाम झाली. १८९९ साली हेगला जमलेल्या राष्ट्रांनी अशी फुलणारी गोळी लढाईत वापरायची नाही असं ठरवलं. माणसावर मना असलेली तीच गोळी हरणावर मात्र सक्तीची. इंग्लंडातल्या हरणांच्या कायद्यात आजही लिहिलेलं आहे, की रायफलीनं हरीण मारायचं तर गोळी मऊ किंवा पोकळ तोंडाचीच हवी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते उलटं वाटलं. आबांच्या तराजूत घालून बघितलं तेव्हा सरळ वाटलं.

आपल्याकडं गोळी निवडायला शिकाऱ्याआधी सरकार बसलेलं असे. १९०७ साली इंग्रजानं हिंदुस्थानात साडेचारशेच्या बोअरच्या खाजगी रायफली आणायला बंदी केली, कारण चोरीला गेलेल्या फौजी मार्टिनी-हेन्री त्याच मापाच्या. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग नुसतं माप बदललं आणि फोर-सेव्हंटीसारखी नवीनच काडतुसं काढली. राजेरजवाड्यांचं काही अडलं नाही. थ्री-नॉट-थ्री साध्या माणसाला वर्ज्यच. म्हणून ईशापूरच्या कारखान्याची थ्री-फिफ्टीन आली, फौजेत न चालणाऱ्या काडतुसाची. आमच्या तालुक्यात ती एका इनामदाराकडं होती म्हणतात. मी पाहिली नाही.

फोर्सिथ नावाचा एक साहेब होता, सातपुड्याच्या रानात नोकरी केलेला. १८६३ साली त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर एक सबंध पुस्तक लिहिलं. लांबट गोळीचं खूळ वाढत असताना तो मोठ्या गोल गोळीची आणि भरपूर दारूची बाजू घेतो. वाचताना मला त्या दोन पाकळ्यांच्या साच्याची आठवण झाली. साहेबाला निवडायला पाच-सहा बंदुका होत्या, एवढाच काय तो फरक.

धरणाचं पाणी चढत होतं त्या वर्षांतली गोष्ट. खालच्या वाडीतल्या एकानं नाचणीत शिरलेल्या सांबरावर बार काढला. सांबर पडलं नाही. सकाळी रक्त दिसलं, ते ओढ्यापर्यंत जाऊन हरवलं. दोन दिवस माणसं फिरली आणि कामाला लागली. आबा फिरत राहिले. बार त्यांचा नव्हता, शेत त्यांचं नव्हतं. चौथ्या दिवशी कावळ्यांच्या कलकलाटावरून त्यांना ती मादी सापडली, पाण्यात पाय मोडून बसल्यासारखी. मागून कोळसुंदे लागले होते. त्यांनी खाल्लेलं कळत होतं, आणि त्याआधी ती जिवंत होती हेही कळत होतं. पोटात तीन जागी भोकं, वाटाण्याएवढी. आबांनी सुरीनं पलीकडच्या कातड्याखालून एक छर्रा काढला. सायकलचा. तो त्यांनी धोतराला पुसला आणि चकचकीत झाला तसा नानांच्या हातावर ठेवला.

"जसा घातला तसाच निघाला," आबा म्हणाले.

नाना म्हणाले, "फौजंची गोळी."

त्या दसऱ्याला आबांनी साचा वाड्यावाड्यांत फिरवला. ज्याला हवं त्यानं गोळी ओतून न्यावी, शिसं आबांचं. काहींनी नेली. ज्यानं तो बार काढला होता त्यानं नेली नाही, आणि आबा त्याला काही बोललेही नाहीत, कारण त्याची नाचणी त्या साली खरोखरच गेली होती. पुढं एक-दोन वर्षांत पाणी वर आलं, त्याचं शेतही गेलं आणि ते घर उठून दूरवर कुठं वसलं.

कायदेही एकामागून एक चढत गेले. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राण्यांचा कायदा आमच्यापर्यंत नावापुरता पोचला होता. १९७२ चा केंद्राचा कायदा मात्र खरा पोचला; फॉरेस्टचा गार्ड सायकलीवरून येऊन चावडीवर सांगून गेला. परवान्यावरची शिकार तेव्हाही कागदोपत्री शिल्लक होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं संपली. मधे १९८५ साली कोयनेचं अभयारण्य झालं. सांबरं आता रस्त्यालाही दिसतात. नाचणी करणारी घरं मुंबईला गेली, माळे कुजून पडले.

चुलत्यांची दुनळी राहिली ती दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढ्याच कामाला. गुडघे गेल्यावर त्यांनी परवाना सोडायचा ठरवला. मी बरोबर होतो. ठाण्यातल्या हवालदारानं नोंदीसाठी काडतुसं मोजायला मागितली. चुलत्यांनी राखेचा डबाच उपडा केला. पाच एल.जी., दोन सहा नंबर, पितळ हिरवं पडलेलं. हवालदारानं एक उचलून नळीत घालून बघितलं. अर्ध्यावर अडलं.

"फुगलंय, आजोबा."

"ते कवाच," चुलते म्हणाले, आणि अंगठ्यासाठी हात पुढं केला.