हातोडा पडतो तेव्हा नेमकं काय विकलं जातं?

तत्त्वज्ञानाचा माणूस जुन्या मोटारींवर आणि विमानांवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. कार्बुरेटर कसा साफ करतात ते मला विचारू नका. पण एखादी वस्तू 'तीच' आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आज वर्गात जितका जिवंत नाही तितका जुन्या गाड्यांच्या लिलावात जिवंत आहे, कारण तिथे उत्तर चुकलं तर कोट्यवधी रुपयांचा फटका बसतो.

आजच्या चर्चेसाठी मी एक जागा निवडली आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ससेक्स परगण्यात, चिचेस्टर गावाशेजारी गुडवूड नावाची मोठी जहागीर आहे. ड्यूक ऑफ रिचमंड यांचं घराणं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतं. दर सप्टेंबरात तिथे 'गुडवूड रिव्हायव्हल' नावाचा तीन दिवसांचा मेळा भरतो. १९४८ ते १९६६ या काळातल्या मोटारी तिथे शर्यतीत धावतात, नुसत्या उभ्या करून ठेवत नाहीत. शेजारच्या गवताच्या धावपट्टीवर जुनी विमानं मांडलेली असतात, त्यांचीही स्पर्धा असते, आणि डोक्यावरून स्पिटफायर घरघरत जातात. प्रेक्षकसुद्धा त्या काळातले कपडे घालून येतात. आणि याच मेळ्यात बॉनहॅम्स या लिलाव संस्थेचा तंबू असतो.

आता मोटारी आणि विमानं एकाच मैदानावर का, तर त्याला कारण आहे. नववे ड्यूक, ज्यांना सगळे फ्रेडी मार्च म्हणत, स्वतः शर्यतीत गाडी चालवणारे होते. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्यांनी १९३० आणि १९३१ मध्ये मोठ्या शर्यती जिंकल्या होत्या. विमानांचंही त्यांना वेड होतं. एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक लहान विमान तयार करवलं, ते १९३६ मध्ये उडालं. पुढे महायुद्ध आलं. जवळच्या टँगमीर हवाई तळाला जोड म्हणून गुडवूडच्या शेतजमिनीवर वेस्टहॅम्पनेट नावाचा तळ झाला. दोन्ही पाय कृत्रिम असलेला वैमानिक डग्लस बेडर १९४१ च्या ऑगस्टमध्ये युद्धातल्या ज्या शेवटच्या उड्डाणावर गेला आणि जर्मनांच्या हाती सापडला, ते उड्डाण याच तळावरून झालं.

विमानं उभी राहण्याच्या जागेपासून धावपट्टीपर्यंत नेण्यासाठी तळाच्या कडेने एक रस्ता बांधला होता. साधा, वळणावळणाचा, जमिनीला वळसा घालणारा. युद्ध संपलं आणि टोनी गेझ या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ड्यूकना सुचवलं, की या रस्त्यावर मोटारशर्यती का घेऊ नयेत? १८ सप्टेंबर १९४८ ला पहिली शर्यत झाली. आदल्याच दिवशी एकोणीस वर्षांचा झालेला स्टर्लिंग मॉस त्या दिवशी एक शर्यत जिंकून गेला. चौदा वर्षांनी, १९६२ च्या ईस्टर सोमवारी, त्याच मॉसची गाडी याच ट्रॅकवर आदळली आणि त्याची कारकीर्द संपली. गाड्यांचा वेग वाढत गेला, ट्रॅक तसाच राहिला, म्हणून १९६६ मध्ये शर्यती बंद झाल्या. फ्रेडी मार्च यांच्या नातवाने बरोबर पन्नास वर्षांनी, १९९८ च्या सप्टेंबरात, हा ट्रॅक पुन्हा उघडला. त्या जागेवर मोटार आणि विमान ही जोडी कुणी कल्पनेने जमवलेली नाही. रस्ताच मुळात विमानांचा होता.

इतका इतिहास पुरे. आता लिलावाच्या तंबूत जाऊ.

२०१३ च्या जुलै महिन्यात, गुडवूडच्याच दुसऱ्या एका मेळ्यात, बॉनहॅम्सने एक मर्सिडीज शर्यतगाडी विकायला काढली. डब्ल्यू १९६ आर. हुआन मॅन्युएल फँजिओने १९५४ मध्ये हिच्यावर जर्मन आणि स्विस ग्राँ प्री जिंकल्या होत्या. गाडीला रंगरंगोटी केलेली नव्हती. पत्रा काळवंडलेला, ओरखडे तसेच. किंमत आली सुमारे १ कोटी ९६ लाख पौंड. लिलावात विकल्या गेलेल्या मोटारीला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत. मी श्रोत्यांना विचारतो, हे पैसे कशाचे? लोखंडाचे नाहीत, तेवढ्यात लोखंडाची खाण येईल. वेगाचे नाहीत, आजची कितीतरी कमी किमतीची गाडी तिच्या पुढे जाईल. ते पैसे एका वाक्याचे होते: 'फँजिओ इथे बसला होता.' आणि तो न घासलेला पत्रा त्या वाक्याचा साक्षीदार होता.

पण साक्षीदारच बदलला असेल तर? इथे मी तुम्हाला एका खटल्याकडे नेतो. तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा असं मला वाटतं.

बेंटली कंपनीची एक स्पीड सिक्स गाडी होती, 'ओल्ड नंबर वन' या नावाने प्रसिद्ध. फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. दोन्ही वेळा वुल्फ बर्नाटो हा चालकांपैकी एक होता. शर्यतगाडीचं आयुष्य म्हणजे सतत दुरुस्ती. दर हंगामात काहीतरी बदलतं. पुढे तिला मोठं इंजिन बसवलं गेलं. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सवर ती ट्रॅकच्या उतरत्या भिंतीवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर गाडी पुन्हा बांधली, तिला वेगळीच बॉडी चढवली.

१९९० मध्ये तिच्या मालकाने ती १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. जुन्या गाड्यांच्या किमती त्या दिवसांत नुसत्या भडकल्या होत्या. मग खरेदीदाराने हात आखडता घेतला. म्हणाला, ही ती गाडीच नाही, हिच्यात त्या गाडीचं उरलंय काय? प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं. तज्ज्ञांनी एकेक भाग तपासला. १९२९ साली ल माँला धावलेल्या गाडीतलं जवळजवळ काहीच शिल्लक नव्हतं, १९३० च्या गाडीतलंही थोडकंच.

आता इथे आपल्याकडचा एक जुना संवाद आठवतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात: तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाक रथ का? आस रथ का? जू रथ का? प्रत्येकाला राजा 'नाही' म्हणतो. मग सगळे भाग मिळून, त्यांच्या आधाराने, आपण 'रथ' हे नाव देतो, इथवर ते येतात. हा संवाद मी वर्गात अनेक वर्षं शिकवला, आणि विद्यार्थी माना डोलावत असत. पण नागसेनांपुढे विक्रीचा करार नव्हता. लंडनच्या न्यायमूर्तींपुढे होता. नुसतं 'रथ हे एक नाव आहे' म्हणून त्यांना उठून जाता येत नव्हतं. नाव खरं की खोटं, हो की नाही, सांगायचं होतं.

न्यायमूर्ती ऑटन यांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला. त्याचा आशय असा. मूळ भागांची गाडी, या अर्थाने ही 'मूळ' नाही. पण ही गाडी कधी मोडीत निघाली नाही, कधी गायब होऊन पुन्हा उगवली नाही. एका रूपातून दुसऱ्या रूपात ती सलग बदलत आली, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून हिला ओल्ड नंबर वन म्हणणं खरं आहे. थोडक्यात, न्यायालयाने ओळख धातूत शोधली नाही, अखंड इतिहासात शोधली.

मला हा निकाल पटतो. तुम्ही आणि मी, आपल्या शरीरातला किती भाग पन्नास वर्षांपूर्वीचा आहे? तरी आपण आपलंच पेन्शन घेतो. पण निकाल पटला की एक जबाबदारी अंगावर येते. ओळख इतिहासात असेल तर इतिहास पूर्ण सांगायला हवा. ल माँचे दोन विजय सांगायचे आणि डन्फीचा मृत्यू गाळायचा, हे चालणार नाही, कारण त्या मृत्यूतून गेलेलीच ही गाडी आहे. आणि नेमकं इथेच बाजार गडबड करतो. बाजाराला अख्खा इतिहास नको असतो. त्याला विकला जाणारा इतिहास हवा असतो.

याचं उदाहरण विमानांत आहे, आणि ते आपल्या देशाशी जोडलेलं आहे. एमव्ही २९३ या क्रमांकाचं एक स्पिटफायर युद्धाच्या अखेरीस भारतात आलं. ते पुढे इथेच राहिलं, तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी जमिनीवर वापरलं गेलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतातून अशी काही स्पिटफायर ब्रिटनमध्ये परत नेण्यात आली, त्यांत हेही होतं. डागडुजी होऊन ते पुन्हा उडू लागलं. पण बरीच वर्षं ते उडालं ते दुसऱ्याच क्रमांकाने आणि 'जेई-जे' या अक्षरांसह. ही अक्षरं जॉनी जॉन्सन या विख्यात ब्रिटिश वैमानिकाची. म्हणजे ज्याच्यावर भारतीय मुलं यंत्रविद्या शिकली, ते विमान वीरपुरुषाचा अंगरखा घालून आकाशात. यात कुणी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. जाणकारांना खरा क्रमांक माहीत असतो, आणि असा रंग देण्याची तिथे रूढीच आहे. पण खाली उभ्या असलेल्या मुलाला काय दिसतं? त्याला भारत दिसत नाही.

याउलट पी ९३७४. हे स्पिटफायर २४ मे १९४० ला, डंकर्कच्या धामधुमीत, फ्रान्समध्ये कॅलेजवळच्या किनाऱ्यावर उतरवावं लागलं. वैमानिक पीटर कॅझनोव्ह वाचला, पण युद्धकैदी झाला. विमान वाळूने गिळलं आणि १९८० मध्ये परत वर काढलं. डक्सफर्डला ते पुन्हा बांधलं गेलं, २०११ मध्ये उडालं, आणि ९ जुलै २०१५ ला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ३१ लाख पौंडांना गेलं. पैसे धर्मादाय कामाला दिले. त्यात नवा भाग बराच आहे, हे उघड आहे. चाळीस वर्षं समुद्राच्या वाळूत राहिलेलं ॲल्युमिनियम उडत नाही. पण त्याच्या अंगावर त्याचंच नाव आहे, आणि वाळूतली चाळीस वर्षंही सांगितली जातात. मला हे अधिक प्रामाणिक वाटतं.

एक आक्षेप तुमच्या मनात असेल. इतकं सगळं कशाला? ठेवा ना संग्रहालयात, काचेमागे, हात लावू नका. या आक्षेपाला धार आहे. त्याच उन्हाळ्यात, २२ ऑगस्ट २०१५ ला, गुडवूडपासून पूर्वेला त्याच किनाऱ्यावर, शोरहॅमच्या हवाई प्रदर्शनात एक जुनं हॉकर हंटर जेट कोसळलं. हंटर म्हटलं की आपल्याला १९७१ चं लोंगेवाला आठवतं, तेच विमान. ते शेजारच्या हमरस्त्यावर पडलं आणि अकरा माणसं गेली. प्रदर्शनाच्या मैदानाबाहेरची, रस्त्यावरची माणसं. त्यानंतर जुन्या जेट विमानांच्या जमिनीवरच्या कसरतींवर ब्रिटनने कडक बंधनं घातली. ती योग्यच होती. यंत्र चालतं ठेवलं तर त्याचा जुना धातू झिजतो, आणि कधी माणसंही दगावतात. यंत्र थांबवलं तर धातू राहतो, पण त्याचा आवाज, त्याचा वास, ते चालवण्याचं कसब मरतं. दोन्ही बाजूंना नुकसान आहे. माझं मत विचाराल तर जी यंत्रं एकमेव आहेत ती थांबवावीत, ज्यांची भावंडं आहेत ती चालवावीत, आणि कसरती मात्र माणसांच्या डोक्यावर नकोत.

शेवटी आपल्याकडे येतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. अट अशी, की वाहन मूळ रूपात हवं. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. गंमत बघा. या अटीवर ओल्ड नंबर वन नापास होईल! लंडनच्या न्यायाधीशाने अखंड इतिहास पाहिला, आपला नियम धातू पाहतो. नियम करणाऱ्याची अडचण मला समजते. आरटीओच्या खिडकीशी मिलिंदपञ्ह उघडता येत नाही. पण आपल्या देशात गाडी टिकली ती मुळात फेरफारामुळेच. परदेशी भाग मिळत नसत, तेव्हा गल्लीतल्या मिस्त्रीने लेथवर घडवलेला भाग बसवला, म्हणून ती आजोबांकडून नातवापर्यंत आली. तो भाग खोटा कसा? तोच तर तिचा भारतातला इतिहास.

म्हणून एक व्यावहारिक विनंती करतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी फियाट असेल, लॅम्ब्रेटा असेल, वडिलांची राजदूत असेल, तर रंग देण्याआधी तिचे कागद शोधा. आरसी बुक, गॅरेजच्या पावत्या, टपाच्या आतली जुनी स्टिकरं, इंजिन कोणी, कधी उघडलं त्याची नोंद. मिस्त्री हयात असेल तर त्याच्याशी बोला आणि त्याचं नाव लिहून ठेवा. नवा भाग बसवला तर जुना फेकू नका, आणि नवा आहे हे लपवू नका. उद्या ती विकलीत तर कदाचित चार पैसे जास्त मिळतील. नाही विकलीत तरी ती कुठली आहे, कुणाकुणाच्या हातून गेली, हे तिच्याबद्दल खरं सांगता येईल. हातोडा पडतो तेव्हा हेच विकलं जातं, आणि हातोडा पडला नाही तरी जपायचं ते हेच.

प्रश्नांसाठी दहाएक मिनिटं आहेत. विचारा.