तुरीला भुंगा का लागतो आणि तीन पदरी पिशवीत तो का मरतो?

तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते, पाठोपाठ हरभरा. सगळ्यांचा माल एकदमच बाजारात उतरतो आणि भाव दबतो. ज्याला थांबणं परवडतं तो पोती रचून ठेवतो. मृग बरसला की एक दिवस पोत्याला हात लावावा, तर बाहेर भुंगे फिरतायत आणि आत दाण्याला गोल भोकं. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, आणि चार महिने थांबल्याचं सगळं मोल तिथंच जातं.

हा भुंगा गोदामातच जन्मतो असं बरेच जण समजतात. तसं नाही. तूर शेतात वाळत असतानाच मादी शेंगांवर अंडी घालते, त्यामुळे कीड मळणीतून दाण्याबरोबर घरी येते. साठवलेल्या दाण्यावर बारीक पांढरा ठिपका दिसतो तेच तिचं अंडं. अळी दाण्याच्या आत शिरते, आतलं खाते आणि मोठी होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. उबदार हवेत हे सगळं साधारण महिनाभरात आटोपतं. बाहेर आलेला भुंगा दाणा खातच नाही, थोडे दिवस जगतो आणि पुढची अंडी घालून मरतो. म्हणजे मार्चमध्ये पोत्यात दहा-वीस असतील तर जूनपर्यंत तीन-चार पिढ्या होऊन जातात. भुंगे दिसायला लागल्यावर उपाय शोधणं म्हणूनच उशिराचं असतं.

गोळी नकोच

अनेक घरांत यावर एकच तोडगा असतो : पोत्यात ‘गोळी’ टाकायची. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत माणसं झोपलेली असतील तर तो त्यांनाही सोडत नाही. या विषावर उतारा म्हणून ठराविक औषध नाही, डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात. कायद्याने या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. सरकारी यंत्रणा किंवा परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायच्या असतात. दुकानात सुटी मिळाली म्हणून ती घरात चालते असं नाही. धान्याच्या खोलीत झोपलेल्या कुणाला मळमळ, छातीत जडपणा, चक्कर असं काही झालं तर आधी त्याला उघड्या हवेत आणून लगेच दवाखाना गाठावा.

चवळीपासून सुरुवात

गोळीशिवाय कीड थांबवायची ही खटपट १९८० च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये सुरू झाली. तिथं चवळी हे गरिबाचं मुख्य कडधान्य, आणि तिला लागणारा भुंगा आपल्या तुरी-मुगाच्या भुंग्याचा सख्खा भाऊ. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक आणि त्यांचे कॅमेरूनमधले सहकारी यांनी शेतकऱ्याला परवडेल अशी पिशवी शोधली. आत दाट पॉलिथिनच्या दोन पिशव्या, एकीत एक, आणि बाहेर नेहमीचं विणलेलं प्लास्टिकचं पोतं. आतल्या प्रत्येक पिशवीची जाडी साधारण ८० मायक्रॉन. बाजारात भाजीला मिळणाऱ्या पातळ कॅरीबॅगेशी तिची तुलनाच नाही.

तीन पदर का? बाहेरचं पोतं ओझं पेलतं, उचलताना-आपटताना मार खातं. आतले दोन पदर हवा अडवतात. एकाला बारीक छिद्र पडलं तरी दुसरा उरतो. यात औषध नाही, यंत्र नाही, वीज नाही.

भुंगा मरतो कसा, हे मात्र बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. गुदमरून मरत असेल, असाच समज होता. मर्डॉक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळंच कारण पुढं आलं : तो तहानेने मरतो. कोरड्या दाण्यात राहणाऱ्या अळीला पाणी कुठून मिळणार? खाल्लेल्या अन्नाचं प्राणवायूच्या मदतीने ज्वलन होतं, तेव्हा तिच्या शरीरातच थोडं पाणी तयार होतं आणि त्यावर ती जगते. पिशवीचं तोंड बांधलं की कीड आणि धान्य मिळून आतला प्राणवायू संपवतात. तो खूप घटला की अळी खाणं थांबवते, पाणी बनत नाही आणि ती वाळून जाते. म्हणजे कीड स्वतःच्याच श्वासाने स्वतःचा शेवट करते. ती लगेच मरते असं नाही, पण खाणं आधी थांबतं आणि नुकसान तिथंच अडतं.

जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. सोलापूर-मराठवाड्याकडे ज्वारीचं पेव असायचं ते याच तत्त्वावर. जमिनीत खड्डा, आतून लिंपण, वरून तोंड बंद, की प्राणवायू आपोआप कमी. म्हणूनच पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहायचे, तो विझला तर थांबायचे. ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोगही तिथूनच आलाय. पेवाला ओल लागायची, उंदीर पोखरायचे आणि ते उचलून दुसरीकडे नेता येत नसे. पिशवीने यातलं बरंचसं सोडवलं, उंदीर सोडून.

तुरीवर आणि शेंगदाण्यावर काय आढळलं

हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेत या पिशव्यांची तुरीवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. साध्या पोत्यातल्या तुरीत भुंगा वाढत गेला, तीन पदरी पिशवीत तो वाढला नाही आणि बियाण्याची उगवणशक्तीही टिकली. जो घरचंच बी पुढच्या जूनला पेरतो त्याच्यासाठी ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची. २०१५ मध्ये भुईमुगाच्या शेंगांवरचा अभ्यास आला. तिथं शेंगेच्या भुंग्याबरोबरच अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करणारी बुरशीही कमी आढळली. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवावं. आधीच बुरशी धरलेला शेंगदाणा पिशवीत घातल्याने शुद्ध होत नाही. विष एकदा झालं की ते राहतंच.

भरताना चुकलं तर सगळं वाया

पिशवी ओल काढत नाही, उलट कोंडून ठेवते. ओला माल भरला तर भुंगा मरेल, पण धान्य आतच कुबट होईल. कडधान्य साधारण १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत आणि शेंगा ८-९ टक्क्यांपर्यंत वाळलेल्या हव्यात. मोजायचं यंत्र नसेल तर मिठाची चाचणी करता येते : कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चिमूटभर कोरडं मीठ घालून हलवावं, पंधरा मिनिटं ठेवावं. मीठ काचेला चिकटलं तर माल नक्की ओला. पण ही चाचणी फक्त १५ टक्क्यांच्या वरची ओल पकडते, त्यामुळे कडधान्याला ती पास झाल्यावरही एक-दोन उन्हं द्यावीत आणि दाणा दाताखाली ‘कट्’ वाजतो का पाहावं.

मक्यासाठी पर्ड्यूच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी सोपी युक्ती सुचवली. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ बंद पिशवीत मक्याबरोबर पंधरा मिनिटं ठेवायचं. आकडा ६५ टक्क्यांच्या खाली आला तर मका साठवायला ठीक.

भरण्याआधी दोन्ही आतल्या पिशव्यांत हवा भरून, तोंड पिळून दाबून पाहाव्यात. ‘फुस्स’ झालं तर ती पिशवी बाजूला. माल चाळून, काडीकचरा काढूनच घालावा, कारण टोकदार काडीच पहिलं भोक पाडते. वर वीतभर जागा सोडावी, हवा दाबून काढावी, आतली पिशवी पिळून, दुमडून घट्ट बांधावी, मग दुसरी, मग पोतं. प्रत्येकीला वेगळी दोरी. तिन्ही एकाच गाठीत बांधल्या की काम बिघडलं. पोतं विटांवर किंवा फळीवर, भिंतीपासून सुटं ठेवावं. निदान दोन महिने तोंड उघडू नये. रोज डबाभर तूर काढायची असेल तर त्या पोत्याला ही पिशवी लावून उपयोग नाही, घरखर्चाचं पोतं वेगळं ठेवलेलं बरं.

गहू-ज्वारी पोखरणारे काही किडे प्लास्टिकलाही भोक पाडतात, आणि उंदराला तर तीन पदर म्हणजे काहीच नाही. कांदा, बटाटा, लसूण यात चुकूनही भरू नये. तो माल श्वास घेतो, कोंडला की सडतो.

हिशेब

समजा ५० किलोची पिशवी १५० रुपयांना पडली आणि नीट वापरून तीन हंगाम टिकली. किलोला एक रुपया खर्च आला. पुढं भाव क्विंटलला ५०० रुपयांनी चढला तर किलोमागे पाच मिळतात, त्यातून तो एक रुपया आणि अडकलेल्या पैशाचं व्याज वजा करायचं. पण भाव चढेलच याची हमी कोणतीही पिशवी देत नाही. आयात वाढली की तूर जूनमध्येही पडते. कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर सगळा माल अडवून धरण्यात शहाणपण नाही.

पैशाची निकड असणाऱ्यांसाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळतं. घरात पिशवीत ठेवलेल्या मालावर मात्र ते मिळत नाही. आपल्या बाजार समितीत योजना चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

आफ्रिकेत ही पिशवी पसरली ती गावातल्या दुकानदारांमुळे. शेतकऱ्यांसमोर एक साधं पोतं आणि एक तीन पदरी पोतं भरायचं, काही महिन्यांनी सगळ्या गावासमोर दोन्ही उघडायची, आणि शेजारीच पिशव्या विकायला ठेवायच्या. इथल्या शेतकरी कंपन्या आणि बचत गटांना हे सहज जमण्यासारखं आहे. एकेकट्याने दोन-चार पिशव्या मागवण्यापेक्षा गटाने घाऊक घेतल्या तर स्वस्त पडतील, आणि बांधून देण्याचं कामही कुणाच्या तरी हाताला मिळेल. ज्या गटाकडे लहान डाळमिल आहे त्यांना आणखी एक वाट आहे. भुंगा अख्ख्या दाण्यावर पोसतो, भरडलेल्या डाळीवर त्याची वाढ नीट होत नाही. त्यामुळे पावसाळ्याआधी थोडी तूर डाळ करून ठेवली तर पिशव्याही कमी लागतात.

विकत घेताना आतल्या पिशव्या दोन आहेत का, ते आधी मोजावं. बाजारात एकाच पदराच्या हवाबंद पिशव्याही मिळतात. त्यातल्या काही वेगळ्या, हवा अडवणाऱ्या थराच्या आणि कामाच्या असतात, पण पातळ पॉलिथिन आत घालून ‘हवाबंद’ म्हणून विकलेलं पोतं त्यातलं नव्हे.