तार कुणाची होती?

परवा वर्गात फळ्यावर ‘नुकसानभरपाई’ हा शब्द लिहिला. यातला ‘नुकसान’ अरबीतून आलेला, ‘भरपाई’ आपला देशी. उर्दूत यालाच ‘मुआवजा’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘इवज’ आहे, म्हणजे एकाच्या जागी दुसरे. एका मुलीने विचारले, “सर, जळालेलं घर भरून कसं येणार?” तेव्हा मी तिला ऑस्ट्रेलियातला एक खटला सांगितला.

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला होता. व्हिक्टोरिया राज्यातल्या त्या वेळच्या वणव्यांत १७३ माणसे गेली, दोन हजारांहून अधिक घरे जळाली. किल्मोर ईस्टच्या एकाच आगीने ११९ जीव घेतले. सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने कारण शोधले. सुमारे एक किलोमीटर अंतरावरच्या दोन खांबांमधली, चाळीस वर्षांहून जुनी विजेची तार झिजून तुटली होती.

मग लोक कोर्टात गेले. तिथल्या कायद्यात सामूहिक दाव्याची सोय आहे. दावा एकाच्या नावाने चालतो आणि त्या आगीत नुकसान झालेले सगळे आपोआप त्यात धरले जातात. ज्याला नको, त्याने तसे कळवून बाहेर पडायचे. त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला वीज कंपनीच्या वकिलांसमोर एकट्याने उभे राहावे लागत नाही. दावा वीज कंपनीवर होता, तारांची तपासणी करणाऱ्या कंत्राटदारावर होता आणि वेळेत इशारा दिला नाही म्हणून सरकारी यंत्रणांवरही होता.

दोनशेहून अधिक दिवस सुनावणी चालली. जुलै २०१४ मध्ये सुमारे ४९.४ कोटी डॉलरवर तडजोड झाली, डिसेंबरात न्यायालयाने ती मंजूर केली. पण कुणीही चूक कबूल केली नाही आणि दोष कुणाचा, यावर निकालही आला नाही. मालमत्तेच्या पैशांत विमा कंपन्यांचाही वाटा होता. प्रत्येक दाव्याचे मोल ठरवून वाटप पूर्ण व्हायला आणखी काळ गेला.

हे सांगताना मला अब्बांचे दुकान आठवत होते. मी लहान असताना ते रात्रीत जळाले. पंचनाम्यात लिहिले होते, ‘आग लागली.’ बाहेरच्या खांबावरची तार कुणाची, किती जुनी, शेवटची कधी तपासली, हे कुणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. नशीब म्हणून गप्प बसलो.

मुलीला मी म्हणालो, “घर भरून येत नाही, बेटा. पण कुणामुळे जळालं, हे कागदावर यायला हवं.” तिने वहीत पंचनामा हा शब्द लिहून घेतला आणि त्याचा अर्थ विचारला. पुढचा तास त्यावरच घेतला.