कुडा : पांढरा की काळा?

उन्हाळा सरत आला की कुसगावपासून लोहगडापर्यंतच्या डोंगरउतारांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ मिरवणारा एक लहानसा वृक्ष दिसू लागतो. हा कुडा. संस्कृतात त्याला ‘कुटज’ किंवा ‘गिरिमल्लिका’ म्हणतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष आषाढातील मेघाचे स्वागत करतो, ते याच फुलांनी.

आमांश व अतिसारावर आयुर्वेदाने कुड्याची साल आणि ‘इंद्रजव’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे बी सांगितले आहे. कुटजारिष्ट सालीपासूनच बनते. मात्र कुडा या नावाने दोन भिन्न झाडे ओळखली जातात. पांढरा कुडा (होलारेना प्युबेसेन्स) हा आमांशावरील औषधाचा, तर काळा कुडा (रायटिया टिंक्टोरिया) निराळा. दोघेही कण्हेरीच्या कुळातील. दोघांचीही पाने समोरासमोर येतात, पान तोडताच पांढरा चीक निघतो, फुले पांढरी व पाच पाकळ्यांची असतात आणि शेंगा जोडीने लागतात. या साम्यामुळे औषधी सालीत व बियांत काळ्या कुड्याची भेसळ होते.

भेद ओळखायचा तो फुलाशेंगांवरून. पांढऱ्या कुड्याच्या फुलाचा मध्य मोकळा असतो. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे पांढरे तंतू असून त्यांतून परागकोशांचा सुळका बाहेर डोकावतो. पांढऱ्या कुड्याच्या दोन्ही शेंगा सुट्या लोंबतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात व पक्व झाल्यावर सुटतात. पांढऱ्याचे पान मोठे व ठळक शिरांचे, काळ्याचे तुलनेने लहान. ते वाळल्यावर काळपट पडते आणि त्यापासून निळा रंगही काढीत. बियांची चव हीदेखील जुनी खूण आहे. पांढऱ्याचे इंद्रजव कडू, म्हणून ‘कडू इंद्रजव’. काळ्याचे ‘गोडे इंद्रजव’.

काळा कुडाही निरुपयोगी नव्हे. कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी त्याच्याच पांढऱ्या, मऊ लाकडाची घडवली जातात.

साल वाळून तुकडे झाले की ओळख पटविणे कठीण होते. म्हणून खात्री झाड उभे असतानाच, फुले वा शेंगा पाहून करावी आणि औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. खोडाभोवती साल पूर्ण सोलल्यास झाड वाळून मरते, हेही ध्यानात ठेवावे.